मिरजेच्या बाईंना, सांखळीहून

आदरणीय बाई,

सप्रेम जय ख्रिस्त.

तुम्हाला घरच्या घरी पत्र लिहिलं की तुमचं उत्तर ठरलेलं असतं, "आभार प्रभूचे मान, माझे कशाला?" प्रभूचे रोज मानते. पण त्याने ज्या माणसाला आमच्या दारात पाठवलं, त्याचे आभार चारचौघांत मानायचे राहिलेत आणि ते तसेच ठेवणं माझ्या मनाला पटत नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर. तुमच्यासारखी सेवा करणारी माणसं ठिकठिकाणी आहेत. आपण जाऊन आल्यावर त्या घराचं पुढे काय झालं, हे त्यांना बहुतेक वेळा कुणी कळवत नाही. त्यांनीही हे वाचावं.

ज्यांना आमची हकिगत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आमचं घर ट्रकवर चालायचं. गोव्यातल्या सांखळी, डिचोली, सत्तरी या पट्ट्यात तेव्हा घरटी एकजण तरी लोहखनिजाच्या खाणीवर अवलंबून होता. कुणाचा टिपर, कुणाचं गॅरेज, कुणाचा रस्त्याकडेचा चहाचा गाडा. ह्यांनी कर्ज काढून दुसरा ट्रक घेतला आणि 2012 च्या सप्टेंबरात सरकारने खाणी थांबवल्या. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचाही बंदीचा आदेश आला. ट्रक अंगणात उभे, चाकांखाली गवत वाढलेलं, आणि बँकेचा हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला हजर. 2014 मध्ये बंदी उठली, पण पहिल्यासारखं काम काही मिळालं नाही. त्यातच ह्यांचे पाय सुजू लागले, भूक गेली, आणि तपासण्या झाल्या तेव्हा दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाल्याचं कळलं. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार-चार तास. पहाटेची कदंब बस धरायची, म्हापसा गाठायचं, दुपारी कापडासारखा गळून गेलेला माणूस घेऊन परत यायचं.

तुम्ही आलात ते या दिवसांत. डॉ. वॉनलेस यांनी 1894 साली मिरजेत उभारलेल्या मिशन हॉस्पिटलात नर्स म्हणून तुमची सारी नोकरी झाली. निवृत्तीनंतर माणसं घराला रंग देतात, नातवंडांत रमतात. तुम्ही पेन्शनीच्या पैशांवर गोव्यात भाड्याची खोली घेतलीत, कारण इथल्या आमच्या इवल्याशा मराठी मंडळीत आजाऱ्यांकडे जाणारं कुणी नाही, असं पाळकसाहेब एका सभेत बोलले होते. एवढं एक वाक्य पुरलं तुम्हाला. लोक मिशनरी म्हटलं की समुद्रापलीकडे जाणाऱ्यांचा विचार करतात. मला विचाराल तर मिरजेहून सांखळीला, साठी उलटल्यावर, गुडघे दुखत असताना, कुणी बोलावणं धाडलेलं नसताना येणं हेही तेच आहे.

पहिल्या दिवशी तुम्ही पवित्र शास्त्र पिशवीतून काढलंही नाहीत. सरळ स्वयंपाकघरात आलात आणि म्हणालात, "भाजी कशी करतेस ते दाखव बघू." मग तुम्ही मला शिकवलंत. भाजी बारीक चिरायची, कोमट पाण्यात भिजत ठेवायची, भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी ओतून द्यायचं, म्हणजे त्यातलं पोटॅशियम कमी होतं. शहाळं बंद. केळं बंद. सुके बांगडे, मिठातली कैरी, लोणचं बंद. गोव्याच्या माणसाला हे सांगणं म्हणजे जेवूच नको म्हणण्यासारखं, पण तुम्ही ह्यांच्या शेजारी बसून एकेका पदार्थाला पर्याय शोधलात. पेजेतलं पाणीसुद्धा पिण्याच्या पाण्यात धरायचं, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाएवढी एक बाटली भरून ठेवायची. चहा दिला की तेवढं पाणी बाटलीतून काढायचं, औषधाबरोबर घोट दिला की तेवढं काढायचं. बाटली रिकामी झाली की त्या दिवसाचं पाणी संपलं. घसा फारच सुकला तर बर्फाचा छोटा खडा, आणि तोही त्याच हिशेबात.

मग ह्यांचा डावा हात तुम्ही हातात घेतलात, माझा तळवा मनगटाच्या वर फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडलेल्या जागेवर, ठेवलात. कातडीखाली मांजर गुरगुरावं तशी बारीक थरथर लागत होती. "ही रोज सकाळी बघायची. लागली नाही तर तोंड धुवायलासुद्धा थांबायचं नाही, हॉस्पिटल गाठायचं. या हातावर बीपी नाही, सुई नाही, भरलेली बादली नाही, घड्याळ नाही." ते सगळं सांगून झाल्यावर तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "आता तू जेव आणि झोप. मी आहे." संध्याकाळचे सहा वाजले होते. मी दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर उठले. पुढे कधीतरी एलीयाची गोष्ट तुम्ही सांगितलीत, की झुडपाखाली पडून 'आता पुरे' म्हणणाऱ्या त्या संदेष्ट्याला देवाने आधी उपदेश केला नाही. त्याला झोपू दिलं, भाकरी दिली, पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, आणि बोलणं त्यानंतर झालं. तेव्हा मला कळलं की पहिल्या दिवशी तुम्ही तो अध्याय न वाचता करून दाखवला होता.

एका गोष्टीबद्दल मात्र मला वेगळे आभार मानायचेत, आणि ती लिहिताना आजही हात कापतो. दुसऱ्या गावची काही माणसं प्रार्थनेला आली होती. कळकळीने आली असतील. त्यांनी ह्यांच्या डोक्यावर हात ठेवले, मोठ्याने प्रार्थना केली आणि सांगितलं की बरं झालं आहे असं धरून चाला, डायलिसिस सोडा, यंत्रावर जाणं म्हणजे देवाच्या वचनावर अविश्वास. आशेने माणसाचा चेहरा कसा उजळतो ते मी ह्यांच्या तोंडावर पाहिलं. तुम्ही कोपऱ्यात बसला होतात. उठलात आणि शांतपणे म्हणालात, "उद्या सकाळची बस चुकणार नाही. प्रार्थना आपण बसमध्येही करू." ती मंडळी नाराज होऊन गेली. जाताना एकाने मला ऐकू येईल असं म्हटलं, विश्वास कमी पडतोय.

ते गेल्यावर तुम्ही पिशवीतून शास्त्र काढलंत आणि इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय आम्हा दोघांना शेवटपर्यंत वाचायला लावलात. आम्ही लहानपणापासून तो अर्धाच ऐकलेला. विश्वासाने कुणी सिंहांची तोंडं बंद केली, कुणी तरवारीच्या धारेतून निभावले, कुणाला आपली मेलेली माणसं जिवंत मिळाली. तिथे बहुतेक लोक थांबतात. तुम्ही बोट पुढच्या ओळींवर ठेवलंत. त्याच विश्वासाने दुसऱ्यांनी दगडमार सोसला, कुणी करवतीने चिरले गेले, कुणी शेरडामेंढरांची कातडी पांघरून रानोमाळ भटकले. "यांचा विश्वास कमी होता असं देव म्हणतो का बघ. साक्ष दोघांनाही सारखीच दिलीय." मग ह्यांनी तुम्हाला थेट विचारलं, "बाई, तो मला बरं करील की नाही?" तुम्ही म्हणालात, "ते मला माहीत नाही. तो तुला सोडून जाणार नाही, एवढं त्याने लिहून दिलंय." ह्यांनी बँकेच्या किती कागदांवर सह्या केल्या होत्या! लिहून दिलेल्या शब्दाचं वजन त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या रात्री बऱ्याच दिवसांनी ते स्वस्थ झोपले.

देवाने जे कबूल केलेलं नाही ते त्याच्या नावावर कुणाला देऊ नये, आणि जे कबूल केलंय त्यातलं एक अक्षरही कमी करू नये. हे मी तुमच्याकडे बघून शिकले. दुःखी घरात शिरून खोटं आश्वासन देणं फार सोपं असतं. त्याने देणाऱ्यालाही बरं वाटतं. पण ते फळाला आलं नाही की मागे राहिलेल्या माणसाच्या पदरी दुःख तर येतंच, वर 'तुझाच विश्वास कमी' हा डागही येतो. तो डाग तुम्ही आमच्या घराला लागू दिला नाहीत.

सेवेची गोष्ट निघाली की तुम्ही जोसेफ वाझ यांचं नाव काढायचात. आपण प्रोटेस्टंट, संतांना नवस बोलत नाही. पण जानेवारी 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संतपद दिलं, तेव्हा डायलिसिसच्या वेटिंगमध्ये शेजारी बसलेल्या कॅथलिक मावशींकडून तुम्ही त्यांची सगळी कथा काढून घेतलीत आणि परतीच्या बसमध्ये आम्हाला सांगितलीत. बाणावलीत 1651 साली जन्मलेला हा गोंयकार. डच लोकांनी लंकेत कॅथलिक पाद्र्यांना बंदी केलेली, म्हणून 1687 साली हा मजुराच्या वेषात तिथे उतरला. जाफन्यात हगवणीने मरता मरता वाचला. कँडीला पोचला तर 1692 मध्ये पोर्तुगीजांचा हेर समजून तुरुंगात टाकलं. आणि 1697 मध्ये देवीची साथ आली तेव्हा घरच्यांनीसुद्धा टाकून दिलेल्या रोग्यांना याने उचलून आणलं, धुतलं, भरवलं. तुम्ही नर्स, म्हणून तुमचा जीव या शेवटच्या भागात अडकलेला. 1711 मध्ये ते कँडीतच वारले. गोवा पुन्हा दिसला नाही. "त्यालाही देव म्हणाला होता मी बरोबर आहे म्हणून," ह्यांनी त्यावर एवढंच म्हटलं आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

गोव्यात मिशनरी हा शब्द सरळ उच्चारता येत नाही, हेही मला इथे लिहायलाच हवं. तो ऐकला की कित्येकांना 1560 साली सुरू झालेलं इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचं धर्मन्यायालय, आठवतं, पाडलेली देवळं आठवतात, रातोरात फोंड्याच्या बाजूला हलवलेले देव आठवतात. ते आठवणारच. तो इतिहास खरा आहे आणि त्याची खंत सगळ्यांत आधी आम्हा ख्रिस्ती माणसांना वाटायला हवी. आमच्या शेजारच्या काकींच्या पायाला मधुमेहाची जखम होती आणि तुम्ही ती धुवायला जायचात. काकींनी एक दिवस तोंडावर विचारलं, "बाटवायला तर आला नाहीत ना?" तुम्ही पट्टी गुंडाळत म्हणालात, "नाही हो. मी हे का करते ते विचारलंत तर येशूचं नाव सांगेन. नाही विचारलंत तरी पट्टी अशीच बांधेन." काकींनी बऱ्याच महिन्यांनी विचारलं, तुम्ही सांगितलंत, आणि काकी अजूनही चवथीला गणपती आणतात. तुमचं जाणं थांबलं नाही, त्यांची माया कमी झाली नाही. हे गेले तेव्हा आमच्या घरी पहिलं जेवण काकींच्याच चुलीवरून आलं.

हे 2017 च्या पावसाळ्यात गेले. वाळवंटी नदीला पूर होता, वीज नव्हती. तुम्ही मोबाइलच्या उजेडात यशयाचा त्रेचाळिसावा अध्याय वाचत होतात, "तू जलांतून चालशील तेव्हा मी तुझ्याबरोबर असेन." पाणी येणारच नाही, असं त्यात कुठेच नाही. ह्यांना शुद्ध होती. हात माझ्या हातात होता. त्या रात्रीबद्दल याहून जास्त लिहीत नाही, तुम्ही तिथे होतात.

त्यानंतर मी देवावर रागावले. उपासनेला जाऊन गप्प बसायचे, गीत सुरू झालं की बाहेर उठून यायचे. तुम्ही एकदाही 'देवाची इच्छा' हे शब्द काढले नाहीत. माझ्याबरोबर बाहेर येऊन पायरीवर बसायचात. दावीदही 'कुठवर?' म्हणून देवाला विचारतो आणि ते स्तोत्र देवाने शास्त्रात राहू दिलंय, एवढंच एकदा म्हणालात. मग पंडिता रमाबाईंबद्दल सांगितलंत. आईवडील दुष्काळात गेले, लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत नवरा गेला, उतारवयात एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, आणि त्यांनी मूळ भाषांवरून केलेलं शास्त्राचं मराठी भाषांतर केडगावच्या मुक्ती मिशनने छापलं ते 1924 साली, त्या गेल्यावर दोन वर्षांनी. माझं दुःख त्यापुढे लहान आहे, असं तुम्ही सुचवलं नाहीत. त्या बाईला फळ हातात मिळालं नाही तरी ती ओळीमागून ओळ लिहीत राहिली, इतकंच. मला त्याने धीर आला, का ते अजून नीट सांगता येत नाही.

2018 मध्ये खाणी पुन्हा बंद झाल्या तेव्हा मी ट्रक विकले. कर्ज फिटलं. मुलगा आयटीआय करून वेर्ण्याला नोकरीला लागला. सासूबाई खडखडीत आहेत आणि मिरजेच्या बाई कधी येणार म्हणून दर रविवारी विचारतात.

आणि मी आता मंगळवारी म्हापशाला जाते. नव्याने डायलिसिस सुरू झालेल्या माणसांच्या बायका, आया बाहेरच्या बाकावर बसलेल्या असतात. आधी चहा विचारते. तुमच्या हस्ताक्षरातली पथ्याची यादी आहे तिच्या झेरॉक्स काढल्यात, पण घडीवरचा मजकूर आता पुसट झालाय आणि डाळींबद्दल तुम्ही काय लिहिलं होतं ते लागत नाही. एक पंचविशीतला पोरगा सारखा विचारतो की सोलकढी चालेल का. मी त्याला डॉक्टरांना विचार म्हटलंय. तुम्ही यादी नव्याने, जरा मोठ्या अक्षरात लिहून पाठवाल का? त्याच्या आईशी फोनवरही बोला, ती रात्री जागी असते. रविवारी उपासना आटोपल्यावर मी तुम्हाला फोन लावते.

तुमची,
सांखळीची लेक