यान उतरलं हे छापता, कसं सावरलं तेही छापा

मा. संपादक साहेब,
स.न.

मागं तुमच्या पेपरात इस्रोच्या पुष्पक या पंखवाल्या, पुन्हा वापरायच्या यानाचा फोटो आला होता, खाली दोन ओळी, आपोआप लँडिंग केलं म्हणून, संपली बातमी. माझं वसमतला मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, तिथं बसलेल्या बारावीच्या एका पोरानं ते वाचून विचारलं की काका, खाली येताना त्याची एखादी फळी, म्हणजे यान वळवणारा हलता भाग, जाम झाली तर मग काय करतेत? पेपरात उत्तर नव्हतं म्हणून हे पत्र लिहायलोय.

त्याला मी आधी माझ्या धंद्यातलं दाखवलं. हळदीला पाणी चालू असताना थ्री फेजचा एक फेज गेला आणि प्रिव्हेंटर (फेज गेला की मोटार बंद करणारं यंत्र) काढून डायरेक्ट केलेलं असलं की मोटार थांबत नाही, उरलेल्या दोन फेजवर ओढत राहती. अशी स्टार कनेक्शनची मोटार उघडली की एका फेजच्या कॉईली जशा भरल्या तशा चकचकीत आणि बाकी दोन फेजच्या काळ्याठिक्कर, जळक्या वार्निशचा वास दिवसभर हाताचा जात नाही. गेलेल्याचा भार बाकीच्यांवर आंधळेपणानं टाकला की असं होतं. मोटारीला निदान थांबवून वाचवता येतं, वरून येणाऱ्या यानाला कुठं थांबवणार, त्याला बिघाड घेऊनच खाली यायचंय.

म्हणून त्याचा कॉम्प्युटर सारखा ताळा करत असतो की मी एवढं वळ म्हणलो आणि जायरो, म्हणजे वळणं मोजणारा सेन्सर, किती वळलं म्हणायलाय. फरक दिसला की आधी ठरवायचं, फळी अडकली का सेन्सरच खोटं बोलायलाय, कारण चांगल्या फळीला दोष दिला तर सगळंच उलटं होतं. मग उरलेल्या फळ्यांना काम वाटून द्यायचं, पण प्रत्येक फळी ठराविक अंशापर्यंतच वळती, शेवटाला टेकली की हातात काहीच उरत नाही, तेव्हा वळणंच हळू घ्यावं लागतं. त्यात लई उंचावर हवा विरळ, तिथं फळ्यांचा उपयोग नाही, बारके थ्रस्टर, म्हणजे वायूचा झोत सोडणारी छोटी इंजिनं, वळवतात, खाली दाट हवेत आलं की फळ्यांकडं काम येतं.

हे नुसतं कागदावरचं नाही. 5 डिसेंबर 2018 ला स्पेसएक्सच्या फाल्कन 9 रॉकेटचा बूस्टर, म्हणजे खालचा टप्पा, परत येताना हायड्रॉलिक पंप अडकला, जाळीच्या फळ्या हलेनात, बूस्टर गरागरा फिरायला लागला, पण इंजिन पेटल्यावर त्याच्या जोरावर फिरणं आवरलं आणि तो किनाऱ्याजवळ समुद्रात उभा उतरला. त्याच्या उलट आपलं जीएसएलव्ही एफ-06, 25 डिसेंबर 2010, कनेक्टर निसटले, हुकूम खालच्या बूस्टरपर्यंत पोचेनात आणि रॉकेट हवेतच गेलं. मेंदू शाबूत असून उपयोग काय, वायरच तुटली.

आणि नुसतं डबल सामान बसवलं म्हणजे झालं असंही नाही. 1996 ला युरोपच्या एरियन 5 रॉकेटमधे दिशा सांगणारे दोन संच होते, दोन्हीत एकच सॉफ्टवेअर, एकाच चुकीनं दोन्ही बंद पडले. अमेरिकेच्या स्पेस शटलवाल्यांनी हा धोका ओळखून त्याच्या कितीतरी आधीच पाचव्या, राखीव कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर वेगळ्या लोकांकडून लिहून घेतलं होतं. मला ही गोष्ट सगळ्यात जास्त पटली.

पुष्पकचंच बघा, 23 जून 2024 ला चित्रदुर्गजवळ हेलिकॉप्टरनं साडेचार किलोमीटरवरून मुद्दाम धावपट्टीच्या 500 मीटर बाजूला सोडलं, म्हणजे अडचण त्यांनी स्वतः घातली, तरी ते वळून मधल्या रेषेवर आलं आणि ताशी 320 किलोमीटरच्या वर स्पीडनं टेकलं. ही बातमी नाही का साहेब? यश आलं एवढंच कळलं तर लेकरं टाळ्या वाजवून मोकळी होतेत.

तर विनंती एवढीच की रविवारच्या पुरवणीत अर्धं पान द्या, आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या सरांकडून साध्या मराठीत लिहून घ्या, आकृती टाकून. जळक्या कॉईलीचा फोटो लागला तर दुकानातून काढून पाठवतो, सध्या तीन मोटारी उघड्याच पडल्यात.

आपला रोजचा वाचक,
एक रिवायंडिंगवाला, वसमत, जि. हिंगोली