आई-बाबांना पत्र : कुलमुखत्यारपत्र रद्द करण्याविषयी

ठाणे

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

गावच्या जमिनीसाठी दादाला करून दिलेले कुलमुखत्यारपत्र आता रद्द करता येईल का, असे बाबांनी परवा फोनवर विचारले होते. करता येते. भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार कुलमुखत्यार हा तुमचा अभिकर्ता, म्हणजे तुमच्या वतीने व्यवहार करणारा माणूस, आहे आणि दिलेले अधिकार काढून घेण्याचा हक्क तुमच्याकडेच राहतो. दादा आता बदली होऊन लांब गेला आहे, हे कारण दस्तात लिहिण्याचीही गरज नाही. अपवाद एवढाच, की मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध त्या मालमत्तेत असेल, म्हणजे त्याने तुम्हाला पैसे देऊन त्यापोटी अधिकार घेतले असतील, तर कलम २०२ आड येते. तुम्ही दादाकडून एक रुपयाही घेतलेला नाही, त्यामुळे जुन्या दस्तात ‘हे पत्र रद्द होणार नाही’ असे वाक्य सापडले, तरी केवळ त्या शब्दांनी घाबरून जाऊ नका.

मूळ पत्र दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेले असल्यामुळे रद्द करण्याचा दस्तही तेथेच नोंदवून घ्यावा, असे माझे मत आहे. नोटरीकडून करून घेण्याचा सोपा मार्ग कोणी सुचवील, पण पुढे जमीन घेणारा मनुष्य शोध घेतो तो निबंधकांच्या नोंदींत, आणि तिथे फक्त जुने पत्रच दिसत राहिले तर या खटाटोपाचा उपयोग काय? नव्या दस्तात जुन्याचा दस्त क्रमांक, तारीख, कार्यालय आणि गट क्रमांक बिनचूक यायला हवेत. पत्र तुम्ही दोघांनी दिले होते, म्हणून सह्याही दोघांच्या लागतील. बाबांच्या गुडघ्यांची काळजी करू नका. आजारी किंवा अशक्त व्यक्तीच्या घरी येऊन दस्त नोंदवून घेण्याची सोय नोंदणी अधिनियमात आहे, त्याला तिकडे गृहभेट म्हणतात. त्यासाठी डॉक्टरांचा दाखला मागतील आणि वेगळे शुल्क भरावे लागेल. आधार, पॅन आणि तुम्हाला ओळखणारे दोन साक्षीदार तयार ठेवा.

मात्र दस्त नोंदवला म्हणजे काम संपले, असे समजू नका. बहुतेक लोक नेमके इथेच थांबतात. करार अधिनियमाच्या कलम २०८ प्रमाणे मुखत्यारी संपते ती मुखत्याराला कळते तेव्हा, आणि इतरांच्या बाबतीत, त्या इतरांना कळते तेव्हा. समजा, दस्त झाला पण दादाला कळवलेच नाही आणि त्याने प्रामाणिकपणे एखादा करार केला, तर तो करार तुमच्यावर बंधनकारक ठरू शकतो. म्हणून दादाला वकिलांमार्फत पोचपावतीसह नोटीस पाठवू, तिची पोच जपून ठेवू, आणि मूळ पत्र व त्याच्या सर्व प्रमाणित प्रती परत मागू. ज्या बँकेत त्याने ते पत्र दाखवले होते तेथे, तलाठी कार्यालयात आणि शेत खंडाने करणाऱ्याकडे रद्दच्या दस्ताची प्रत देऊन आपल्या प्रतीवर शिक्का वा सही घ्यावी. आपल्याला ठाऊक नसलेल्या लोकांसाठी तालुक्यात वाचल्या जाणाऱ्या मराठी दैनिकात जाहीर नोटीस द्यावी. आई, ‘घरातले भांडण पेपरात’ असे तुला वाटेल, पण त्या नोटिशीत भांडणाचा एक शब्दही नसतो.

आतापर्यंत दादाने त्या अधिकारात जे केले, ते मात्र कायम राहील. खंडाचा जो करार त्याने करून दिला, तो मागच्या तारखेने मोडता येणार नाही. त्याचा हिशेब मात्र मागता येतो आणि मागावाही. सातबारा उतारा आताच काढून ठेवा, म्हणजे कोणती नोंद कधीची आहे याबद्दल पुढे वाद राहणार नाही.

नोटीस निघण्याआधी बाबांनी स्वतः दादाला फोन करावा, एवढी विनंती. पोस्टमनच्या हातून वकिलाचे पत्र मिळण्याआधी त्याला तुमच्या तोंडून कळायला हवे, आणि तो राजी असेल तर ‘मूळ पत्र परत केले, नोटीस मिळाली’ असे त्याच्याकडून लिहूनही घेता येईल. मसुदा माझ्याकडे आला की पाठवते. गट क्रमांक कपाटातल्या जुन्या दस्ताशी ताडून मगच मला होकार कळवा.

तुमची लेक