वैनी, तुमच्या खुर्चीबद्दल

वैनी,

हे पत्र दादांनी तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवावं. चारचौघांत लिहिते आहे, कारण समोरासमोर आभार मानायचा प्रयत्न मी निघायच्या दिवशी केला होता. तेव्हा तुम्ही बांगड्याचे कल्ले काढत होतात. मी घसा साफ करून दोन वाक्यं बोलले असेन, तोच तुम्ही मान वर न करता विचारलंत, ‘‘उदक घेतलें?’’ झालं. माझं भाषण तिथेच बुडालं.

एरवी आभार मानण्यात मी मुरलेली बाई आहे. ३३ वर्षं शाळेत काढली. पंधरा ऑगस्ट असो की स्नेहसंमेलन, शेवटचं आभारप्रदर्शन माझ्याकडे ठरलेलं. ‘प्रमुख पाहुण्यांनी आपल्या व्यस्त कार्यक्रमातून वेळात वेळ काढून’ हे मी झोपेतसुद्धा न अडखळता म्हणेन. तुमच्यासाठी लिहायला बसले तर ती सगळी वाक्यं फुकट गेली. तीन आठवडे झाले, कागद कोराच होता. शेवटी ठरवलं, खुर्चीबद्दलच लिहायचं.

पण खुर्चीच्या आधीचं थोडं सांगायला हवं, कारण ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही विचारलंही नव्हतं.

मी ५८ व्या वर्षी निवृत्त झाले आणि भाच्याची पाठपिशवी मागून घेऊन घराबाहेर पडले. मिरजेहून लोंढ्यामार्गे मडगाव, तिथून कदंबच्या सरकारी बसने दक्षिण गोव्यातलं काणकोण. तीन दिवसांचा बेत होता. समुद्र बघायचा, जवळच्या खोतीगावच्या जंगलातल्या वाटांवर फिरायचं, आणि मुख्य म्हणजे घंटा न ऐकता उठायचं. एका हॉस्टेलमध्ये कॉट आधीच ठरवलेली, पैसे भरलेले. संध्याकाळी सातला मी तिथे पोचले. काउंटरवरच्या मुलाने माझं आधारकार्ड पाहिलं, मग मला पाहिलं, मग पुन्हा कार्ड पाहिलं. ‘‘आंटी, डॉर्ममध्ये पंचेचाळीसपर्यंतच घेतो. इथली व्हाइब वेगळी आहे.’’ त्या वयाची हजारएक मुलं मी हाताखालून घातली आहेत, त्यामुळे तो आतून किती घाबरला होता तेही मला दिसत होतं. वाईट त्याचं वाटलं नाही. मागे बाकावर सहासात जण गिटार घेऊन बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं, आणि त्यातला एकही जण उठला नाही. भिंतीवर भलंमोठं काहीतरी रंगवलेलं होतं, ‘सगळं जग आपलं घर’ छापाचं.

पुढच्या लॉजवर वयाची अट नव्हती, ‘सिंगल लेडी’ची होती. बरोबर कोण आहे? कोणी नाही. मग नाही. पैशांचं पुढे काय झालं, कोणाला किती फोन केले, ते सांगत बसत नाही. त्या रडगाण्यात कोणालाच रस नसतो. चावडीतल्या, म्हणजे काणकोणच्या बाजारपेठेतल्या, एका बंद दुकानाच्या पायरीवर मी पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. तिथे एका रिक्षावाल्याने विचारलं आणि किनाऱ्यावरच्या गालजीबागला तुमच्या दारात आणून सोडलं.

तुम्ही दार उघडलंत. मी तयारीतच होते: नाव, गाव, निवृत्त शिक्षिका, मुलाचा नंबर, आधारकार्डाची झेरॉक्स. तुम्ही म्हणालात, ‘‘आयलें? बस गो बाय.’’

वैनी, माझ्या गावाकडे मला सगळे ‘बाई’ म्हणतात. विद्यार्थी, त्यांचे आईबाप, भाजीवाली, वाण्याचा पोरगा. कराडात मी मेले तर ‘बाई गेल्या’ अशीच बातमी फिरेल. ‘बाई’ म्हटलं की पाठ आपोआप ताठ होते. तुमचं ‘बाय’ कानावर आलं आणि पहिल्यांदा वाटलं, मला ओळखलं की काय! मग त्यापाठोपाठ ‘तूं’ आलं. तुमच्याकडे ते सगळ्यांनाच लावतात हे नंतर कळलं, पण त्या रात्री मला ते एकटीला मिळाल्यासारखं वाटलं. मला अरेतुरे करणारं माणूस आता कोणी उरलेलं नाही. मी विचारलं, तुम्हाला काय म्हणू? ‘‘सगळीं वयनी म्हणटात.’’ माझ्या जिभेवर त्याचं ‘वैनी’ झालं, ते तसंच राहू द्या.

दुसऱ्या दिवशी तुमच्या पुतण्याने पहाटे स्कूटरवरून मला अभयारण्याच्या फाटकाशी सोडलं. त्या जंगलाबद्दल पानंच्या पानं लिहिता येतील. १९६८ पासून ते राखलेलं आहे. किंदळ, ऐन, नाणा असली सरळसोट उंच झाडं, आणि खाली पाचोळा इतका कोरडा की आपल्याच पावलांचा आवाज ऐकून आपण दोनदा मागे वळून बघतो. तिथे मला शेकरू दिसलं. आमच्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी! वर्षानुवर्षं वर्गात विचारलेला एका गुणाचा प्रश्न, आणि उत्तर पाहायला मला गोव्यात यावं लागलं. तांबूस-काळं, आपल्या खारीच्या कितीतरी पट मोठं, लांब शेपूट फांदीवरून खाली सोडून काहीतरी कुरतडत बसलेलं. मी अर्धा तास मान वर करून उभी. गोव्याचा राज्यप्राणी गवा मात्र दिसला नाही. पायवाटेवर त्याचे ताजे खूर उमटलेले पाहिले तेवढं पुरे झालं, समोरासमोर भेटायची घाई नव्हती.

त्या आनंदात मी जरा जास्तच चालले आणि उतारावर उजव्या गुडघ्याने जे बोलायचं ते बोलून घेतलं.

आता खुर्ची.

गुडघा सुजलेल्या बाईला वाळूत बसता येतं, वैनी. उठता येत नाही. उठायचं तर आधी कुशीवर वळायचं, मग दोन्ही तळवे टेकून रांगत्या बाळासारखं मागून वर यायचं. घरी मी ते पलंगाच्या आधाराने करते. किनाऱ्यावर, चार परकी माणसं उन्हात पडलेली असताना, ते माझ्याच्याने होणार नव्हतं. मग मी उभी राहिले. उभं राहायची मला सवय आहे, वर्गात मी कधी बसून शिकवलं नाही. उभ्या माणसाचा एक फायदा असा की लोकांना वाटतं, बाई समुद्र बघताहेत. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन तास मी उभी, संध्याकाळी तासभर. चौथ्या दिवशी निघून जावं असं जवळजवळ ठरवलं होतं, कारण समुद्र उभ्याने किती बघणार?

चौथ्या दिवशी सकाळी सुरूच्या झाडांतून खाली आले तर वाळूत एक खुर्ची. निळी, प्लास्टिकची, मागचा एक पाय तारेने आवळलेला. आजूबाजूला कोणी नाही. मला वाटलं, कोणाची तरी राहिली असेल. तुम्ही वरून हाक मारलीत, ‘‘हांगा बस!’’ आणि आत निघून गेलात.

एवढंच. गुडघ्याचं नाव नाही, ‘वयानुसार होतंच’ नाही, कुठलं तेल लावायचं ते नाही. मी बसले. लाट आली, पावलांवरून गेली, टाचांखालची वाळू थोडी ओढून नेली. आणि मी, शाळेच्या निरोपसमारंभात सगळा स्टाफ रडत असताना कोरड्या डोळ्यांनी उभी राहिलेली बाई, तिथे बसून रडले. कशासाठी ते मला आजही नीट सांगता येणार नाही. तुम्ही पाहिलं नसेल अशी आशा आहे. पण तुमच्या नजरेतून काय सुटतं?

मी भूगोल शिकवायचे. सातवीच्या पुस्तकात भरती-ओहोटीचा धडा आहे. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं, म्हणून भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती, अष्टमीला भांगाची. हे मी फळ्यावर चंद्र काढून, कृष्णा-कोयनेच्या संगमापाशी राहणाऱ्या, समुद्र न पाहिलेल्या पोरांना घोकायला लावलं. खरं सांगायचं तर मीही तेव्हा घोकूनच सांगत होते. तुमच्या खुर्चीत बसल्यावर मला तो धडा कळला. खुर्ची रोज वेगळ्या जागी असायची! पौर्णिमेनंतरचे दिवस होते. पहिल्या दिवशी ती पार वर, सुरूच्या मुळांपाशी होती, दुसऱ्या दिवशी दहा पावलं खाली. अष्टमीपर्यंत भरतीची रेघ वर चढायचं विसरल्यासारखी झाली आणि खुर्चीही तिच्या मागोमाग खाली गेली. पाणी पावलांपर्यंत यावं आणि खुर्ची हलू नये, अशी ती एक जागा तुम्ही रोज बरोबर हेरत होतात. घड्याळ नाही, तक्ता नाही. मी वहीत वेळा लिहून ठेवल्या आहेत. पुस्तकाशी जुळतात.

आणि संध्याकाळी खुर्ची गायब व्हायची. दोन दिवस मी समजले, चोरीच्या भीतीने आत नेत असाल. तिसऱ्या संध्याकाळी तुम्हीच सांगितलंत, ‘‘रातीं कासव येता.’’ गालजीबागची वाळू ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी घालायची जागा. रात्री वर चढणाऱ्या मादीच्या वाटेत काही पडलेलं नको, उजेड नको. पुढे वन खात्याने जाळी लावून राखलेलं घरटं पुतण्याने दाखवलं. आमच्याकडे कोकणात वेळासला याचा उत्सव होतो, तिथे मी शाळेची सहल नेली होती. पण तिथे माणसंच इतकी की पिल्लांपेक्षा मोबाइल जास्त. इथे तुम्ही रोज रात्री एका कासवासाठी खुर्ची उचलत होतात आणि रोज सकाळी एका बाईसाठी खाली आणत होतात. आणि कासवाकडेही कोणी आधारकार्ड मागत नव्हतं, हे मला त्या हॉस्टेलवाल्याला कळवावंसं वाटलं.

सहाव्या की सातव्या दिवशी, अकराच्या सुमाराला, पेज घ्यायला मी मागच्या दारी आले. उकड्या तांदळाची पेज आणि सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, किसमूर. हे प्रकरण काय आहे ते कराडात सांगून कोणाला पटत नाही. तेव्हा दादा सोप्यावर, म्हणजे ओसरीच्या बांधीव बाकावर, पेपर वाचत बसलेले दिसले. पाठीमागे उशी, उशीमागे गुंडाळलेलं जाळं, तरी सारखी कूस बदलत होते. मी सहज म्हटलं, इथे बसायला त्रास होतो का? ते हसले. ‘‘सोप्याला पाठ नसते ना.’’ मग माझं लक्ष गेलं. तुमच्या घरात पाठ असलेली दुसरी खुर्चीच नाही. निळी खुर्ची दादांची पेपर वाचायची आहे. त्या माणसाने चार दिवस एक शब्द काढला नव्हता.

मी खुर्ची परत आणायला निघाले तर तुम्ही माझ्यावर ओरडलात. काय म्हणालात ते शब्द नीट कळले नाहीत, अर्थ पूर्ण कळला. आमच्या शाळेत मी याच सुरात ओरडत असे.

तीन दिवसांसाठी आलेली मी ११ दिवस राहिले. त्या ११ दिवसांत काय केलं असं इथे सगळे विचारतात. काही केलं नाही. जंगलात आणखी एकदा गेले, सपाटीच्या छोट्या वाटेवर. मचाणाच्या शिडीखाली उभी राहून वर गेलेल्या पोरांना ‘काय दिसतंय रे’ विचारलं, त्यांनी पाणवठा दिसतो म्हणून सांगितलं, त्यावर समाधान मानलं. तळपणच्या बाजूने होड्या परत येताना पाहिल्या. खुर्चीत बसले. माझ्या ओळखीच्या एक बाई म्हणाल्या, एवढ्या लांब जाऊन नुसतं बसायचं, तर इथे काय वाईट होतं? त्यांना काय सांगणार?

चांगुलपणा म्हणजे काहीतरी मोठं, वर्तमानपत्रात फोटो येण्यासारखं, असं मला कितीतरी वर्षं वाटत आलं. मूल्यशिक्षणाच्या तासाला मी तसंच शिकवलं आहे. बुडत्याला वाचवणारा, सापडलेलं पाकीट परत करणारा. दोन तास उभी असलेली बाई समुद्र बघत नसून तिला बसता येत नाहीये, हे ओळखणाऱ्यांची गोष्ट पुस्तकात नव्हती. असती तर परीक्षेत प्रश्न काय विचारणार? चावडीतला तो रिक्षावाला त्यातलाच. मीटरवर बोलला नाही, ‘कोणाकडे उतरलाय’ विचारलं नाही, फक्त म्हणाला, ‘‘बॅग हांगा दवर,’’ आणि पिशवी माझ्या मांडीवरून उचलली.

तुमच्याकडे आभाराला ‘देव बरें करूं’ म्हणतात, ते मी पुतण्याकडून पाठ करून घेतलं होतं. निघताना म्हणायचं होतं. रिक्षा आली, तुम्ही उदकाचं विचारलंत, आणि माझ्या तोंडून निघालं, ‘‘येतां हां.’’ तेही चुकीचं नव्हतं म्हणा.

तेव्हा पुढच्या जानेवारीत येते. पौर्णिमा बघून येईन, म्हणजे खुर्ची पहिल्या दिवशी वर असेल आणि मला कमी चालावं लागेल. दादांसाठी पाठ असलेली एक चांगली लाकडी खुर्ची कराडहूनच आणणार होते, आमच्याकडचा सुतार उत्तम आहे. पण मिरजेला गाडी बदलताना ती घेऊन धावणं या गुडघ्याला झेपायचं नाही. चावडीत कुठे चांगली मिळते ते पुतण्याला विचारून ठेवा. निळीचा पाय तेवढा मी येईपर्यंत टिकवा.

तुमची,
बाय