कोटणीसांच्या स्मारकात ही नावंही लागावीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दरवर्षी ९ डिसेंबरला डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या प्रतिमेला हार घातला जातो. तो घातलाच पाहिजे. १९३८ साली युद्धात होरपळणाऱ्या चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी एक आपल्या सोलापूरचा होता. तिकडे असताना वडील वारल्याचं कळलं, तरी जखमींना सोडून ते परतले नाहीत. १९४२ साली, वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी, तिथेच गेले. मुलगा तेव्हा तान्हा होता. त्यांच्या पत्नी गुओ छिंगलान परिचारिका होत्या, म्हणून मला हे घर जरा जास्तच आपलं वाटतं.

मी निवृत्त परिचारिका आहे. कोरोनाच्या पहिल्या लाटेत वॉर्डात होते. सोलापूरचा मे महिना, अंगावर पीपीई किट, हातमोज्यांत घाम साठायचा. कोण कोण आहे ते ओळखू यावं म्हणून आम्ही पाठीवर मार्करने नावं लिहायचो. आमच्या वॉर्डबॉयच्या पाठीवर नुसतं ‘मामा’ लिहिलेलं असायचं. पूर्व भागातल्या विडी कामगार आज्ज्या घाबरून मास्क ओढून काढायच्या. मामा त्यांच्याशी तेलुगूत बोलत बोलत तो परत बसवायचे. घरच्यांचा फोन आला की स्वतःच्या मोबाइलचा स्पीकर लावून पेशंटच्या कानाशी धरून उभे राहायचे. ते काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. पुढे त्यांनाच लागण झाली आणि ते गेले. मामा कंत्राटी होते. श्रद्धांजलीच्या सभेत डॉक्टरांची नावं घेतली गेली, मामांचं राहून गेलं. त्यांची बायको मागच्या रांगेत बसली होती.

१९३१ साली फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांची नावं आपल्या शहरातल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. आपल्याला नावं जपता येतात. म्हणून महापालिकेला विनंती आहे, कोरोनात सेवा बजावताना गेलेल्या सोलापूरकरांची यादी करून भैय्या चौकातल्या कोटणीस स्मारकात लावावी. डॉक्टर, परिचारिका आणि पोलीस त्यात असतीलच. पण वॉर्डबॉय, मावशी, अ‍ॅम्ब्युलन्सचे चालक, स्मशानभूमीतले आणि सफाई कर्मचारीही हवेत. कायम की कंत्राटी, हे बघू नये. आणि नाव पूर्ण लिहावं, आडनावासकट. दर ९ डिसेंबरला हार घालून झाल्यावर ती यादी मोठ्याने वाचावी, घरच्यांना पुढच्या रांगेत बसवून.

आमच्या वॉर्डातली नावं माझ्याकडे आहेत, मी ती आणून देईन. बाकीच्या वॉर्डांतल्या सिस्टरनीही आपापली कळवावीत.

— एक निवृत्त परिचारिका, जुळे सोलापूर