गांजातील औषधी द्रव्ये: कोणते द्रव्य, किती मात्रेत, कोणत्या आजारासाठी?

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवार पुरवणीत गांजाच्या औषधी उपयोगांविषयी प्रसिद्ध झालेला लेख आणि त्यावर नंतर आलेली वाचकांची पत्रे लक्षपूर्वक वाचली. अपस्मारापासून कर्करोगापर्यंत आणि निद्रानाशापासून काचबिंदूपर्यंत एकाच वनस्पतीने सारे बरे होते, असा लेखाचा सूर होता. पत्रलेखकांपैकी काहींनी मात्र हे नशेचे उदात्तीकरण असल्याचे सांगून सगळेच मोडीत काढले. औषधशास्त्र शिकवण्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्याला या दोन्ही टोकांत एकच उणीव जाणवते. दोन्ही बाजू संपूर्ण वनस्पतीविषयी बोलत आहेत, आणि औषधाचा निर्णय तर द्रव्यागणिक, मात्रेगणिक आणि आजारागणिक वेगळा होत असतो.

या वनस्पतीत शंभराहून अधिक कॅनाबिनॉइड द्रव्ये आढळली आहेत, पण त्यांपैकी वैद्यकाच्या दृष्टीने भरपूर अभ्यास झाला आहे तो टीएचसी (टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल) आणि सीबीडी (कॅनाबिडायॉल) या दोघांचाच. सीबीडी १९४० मध्ये अमेरिकेत रॉजर ॲडम्स यांनी वेगळे केले. त्याची नेमकी रचना १९६३ मध्ये इस्रायलमधील रफाएल मेशुलम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडली आणि पुढच्याच वर्षी मेशुलम व येहिएल गाओनी यांनी नशा आणणारे टीएचसी शुद्ध स्वरूपात मिळवले. ताज्या वनस्पतीत टीएचसी जवळजवळ नसतेच, हे अनेकांना ठाऊक नसते. तिच्यात त्याचे आम्लरूप असते आणि उष्णता लागली की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन टीएचसी तयार होते. म्हणजे तीच पाने कच्ची वाटली आणि तापवली, तर शरीरात जाणारी द्रव्येच वेगळी होतात.

टीएचसी मेंदूत नेमके कुठे काम करते, याचे उत्तर मिळायला आणखी दोन तपे जावी लागली. १९८८ मध्ये ॲलिन हाउलेट आणि विल्यम डेव्हेन यांनी उंदराच्या मेंदूत त्याचा रिसेप्टर, म्हणजे पेशीवरील ज्या प्रथिनाला चिकटून द्रव्य काम करते ते, असल्याचे दाखवले. त्यालाच आज सीबी-१ म्हणतात. सीबी-२ हा दुसरा रिसेप्टर १९९३ मध्ये सापडला आणि तो प्रामुख्याने प्रतिकारशक्तीच्या पेशींवर असतो. निसर्गाने हे रिसेप्टर एका झुडपासाठी राखून ठेवलेले नसणार, शरीर स्वतःच तसे काही तयार करत असणार, हा तर्कही खरा ठरला: १९९२ मध्ये डुकराच्या मेंदूतून आनंदामाइड वेगळे करण्यात आले आणि १९९५ मध्ये २-एजी या दुसऱ्या द्रव्याची भूमिका उजेडात आली. या यंत्रणेचा सर्वांत विलक्षण भाग २००१ मध्ये स्पष्ट झाला. चेतापेशींमधला संदेश सहसा पहिलीकडून दुसरीकडे जातो. इथे मात्र संदेश घेणारी पेशीच ही द्रव्ये मागे सोडते आणि पाठवणाऱ्या पेशीला संदेशांचा मारा कमी करायला लावते, जणू ऐकणाऱ्याने बोलणाऱ्याला ‘आवाज जरा खाली’ म्हणावे. सीबी-१ चालू झाला की पाठवणाऱ्या पेशीच्या टोकात शिरणारे कॅल्शियम घटते आणि रासायनिक दूत कमी प्रमाणात सुटतात.

शरीर हे काम गरजेपुरते, गरज असेल त्याच जागी आणि काही क्षणांसाठी करते. बाहेरून घेतलेले टीएचसी एकाच वेळी सगळीकडे पोहोचते आणि बराच काळ राहते. स्मरणशक्तीशी निगडित हिपोकॅम्पस, तोल सांभाळणारा लहान मेंदू आणि हालचालींचे नियमन करणारी केंद्रे या सर्व ठिकाणी सीबी-१ दाटीने असतात, त्यामुळे नुकतेच बोललेले विसरणे, तोल जाणे आणि वेळेचे भान सुटणे हे परिणाम त्याच्या कामातूनच उद्भवतात. याउलट मेंदूच्या तळाशी श्वसनाचे नियंत्रण करणाऱ्या भागात हे रिसेप्टर विरळ असतात. अफूवर्गीय औषधांच्या अतिमात्रेने श्वास थांबून माणूस दगावतो तसे प्रौढ व्यक्तीत टीएचसीमुळे सहसा होत नाही, त्याचे कारण हे. प्रयोगशाळेत बनवलेल्या आणि ‘स्पाइस’ किंवा ‘के-२’ अशा नावांनी विकल्या गेलेल्या कृत्रिम कॅनाबिनॉइडना मात्र ही सवलत लागू करू नये. टीएचसी सीबी-१ ला अर्धवटच चालना देते, ती द्रव्ये पुरेपूर देतात, आणि त्यांच्यामुळे झटके, मूत्रपिंडाची हानी आणि मृत्यूही नोंदले गेले आहेत.

ही यंत्रणा हाती आली आहे, आता तिची कळ फिरवली की औषध तयार, असा उत्साह औषधकंपन्यांनाही एके काळी होता. त्याचे काय झाले, हे आपल्या लेखात यायला हवे होते. टीएचसीने भूक वाढते, मग सीबी-१ बंद केला तर भूक कमी व्हावी, या सरळ तर्काने रिमोनाबँट हे लठ्ठपणावरचे औषध तयार झाले आणि युरोपात २००६ मध्ये त्याला मान्यता मिळाली. वजन खरोखरच घटले. पण नैराश्य आणि आत्महत्येचे विचार वाढल्याचे दिसल्याने २००८ मध्ये त्याची विक्री थांबवावी लागली. भुकेचा रिसेप्टर आणि मनःस्थितीचा रिसेप्टर एकच असेल, तर दुसरे काय होणार? पुढे आनंदामाइड मोडणाऱ्या एन्झाइमलाच रोखण्याची कल्पना निघाली. त्या वर्गातील एका औषधाच्या चाचणीत, फ्रान्समधील रेन येथे जानेवारी २०१६ मध्ये, एका निरोगी स्वयंसेवकाचा मृत्यू झाला आणि इतर काहींना रुग्णालयात दाखल करावे लागले. नंतरच्या अभ्यासातून असे दिसले की तो रेणू ठरलेल्या एन्झाइमखेरीज इतरही अनेक प्रथिनांना चिकटत होता. त्याच वर्गातील दुसऱ्या एका कंपनीचे औषध सुरक्षित ठरले, पण गुडघ्याच्या संधिवाताच्या वेदनेवर त्याचा उपयोगच झाला नाही.

आता जिथे खरोखर यश आले आहे त्या सीबीडीकडे वळतो. हे द्रव्य सीबी-१ ला फारसे चिकटत नाही आणि त्यामुळे त्याने नशा येत नाही; ते अपस्माराची फिट कशी रोखते याविषयी टीआरपीव्ही-१ व जीपीआर-५५ हे रिसेप्टर आणि ॲडेनोसिन या मेंदूतील द्रव्याचे शोषण असे काही मार्ग सुचवले गेले आहेत. ड्रावे सिंड्रोम या बालवयातील अतिशय हट्टी अपस्मारावरील चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. १२० मुले व तरुण रुग्ण, दर किलो वजनामागे रोज २० मिलिग्रॅम सीबीडी, आणि तुलनेसाठी तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय द्रावणाचा गट, अशी तिची रचना होती. आचक्यांच्या फिटचे दरमहा मध्यक प्रमाण सीबीडीच्या गटात १२.४ वरून ५.९ वर आले. दुसऱ्या गटात ते १४.९ वरून १४.१ झाले. अशा आणि लेनॉक्स-गॅस्टो सिंड्रोम या दुसऱ्या हट्टी अपस्मारावरील चाचण्यांच्या आधारे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जून २०१८ मध्ये ‘एपिडायोलेक्स’ या शुद्ध सीबीडी द्रावणाला मान्यता दिली. गांजाच्या रोपातून थेट मिळवलेले हे तिथले पहिले मान्यताप्राप्त औषध होय.

यातील मात्रेकडे मुद्दाम लक्ष वेधतो. वीस किलो वजनाच्या मुलासाठी हा डोस दिवसाला ४०० मिलिग्रॅम होतो, तर बाजारात आरोग्यपूरक म्हणून मिळणाऱ्या सीबीडीच्या कॅप्सूलमध्ये बहुधा १० ते २५ मिलिग्रॅम असतात. त्या चाचणीचा दाखला देऊन ही कॅप्सूल विकणे म्हणजे औषधाच्या नावाखाली आशा विकणे आहे. शिवाय बाटलीवर लिहिलेले आत असेलच, याची खात्री नाही. इंटरनेटवरून घेतलेल्या ८४ सीबीडी उत्पादनांच्या तपासणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले, तेव्हा जेमतेम ३१ टक्के उत्पादनांतील प्रमाण लेबलाशी जुळले आणि १८ उत्पादनांत टीएचसीही निघाले. आणि खरी मात्रा दिली की खरे दुष्परिणामही येतात. सीबीडी यकृतातील सीवायपी-२सी-१९ या एन्झाइमला अडवते, त्यामुळे क्लोबाझाम हे फिटचे औषध घेणाऱ्या मुलाच्या रक्तात त्या औषधापासून शरीरात तयार होणारे सक्रिय द्रव्य कैक पटींनी वाढते आणि मूल दिवसभर पेंगत राहते. व्हॅल्प्रोएट या फिटच्याच दुसऱ्या औषधासोबत दिल्यास यकृताची एन्झाइमे वाढण्याचा धोका असतो, आणि वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्याचे रक्त प्रमाणाबाहेर पातळ होऊ शकते. ‘नैसर्गिक असल्याने निर्धोक’ हे आपल्या लेखातील विधान या माहितीपुढे टिकत नाही.

टीएचसीच्या बाबतीत केमोथेरपीमुळे होणारी मळमळ व उलटी यांवर त्याचे कृत्रिम रूप ड्रोनाबिनॉल आणि त्याच्याशी मिळतेजुळते नॅबिलोन यांना अमेरिकेत १९८५ मध्येच मान्यता मिळाली होती. आता त्या कामासाठी अधिक चांगली औषधे असल्याने त्यांचा क्रम मागे पडला आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारातील स्नायूंच्या ताठरपणावर टीएचसी व सीबीडी जवळपास समप्रमाणात असलेला, तोंडात मारायचा फवारा अनेक देशांत वापरला जातो. जुनाट वेदनांविषयी मतभेद आहेत आणि ते प्रामाणिक आहेत: अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या २०१७ च्या अहवालाने पुरावा भक्कम मानला, तर वेदनेच्या अभ्यासाला वाहिलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये, उपलब्ध पुराव्यांच्या आधारे सरसकट वापराला पाठिंबा देता येत नाही, असे जाहीर केले. माझा कल दुसऱ्या मताकडे आहे, कारण या चाचण्यांत निष्क्रिय गोळीनेही रुग्णांना बराच आराम वाटतो आणि नशेमुळे कोणाला काय मिळाले हे रुग्णाला सहज ओळखू येते. काचबिंदूचे उदाहरण तर बोलके आहे. गांजाने डोळ्यांतील दाब उतरतो, हे १९७१ पासून माहीत आहे; पण तो तीन-चार तासच उतरलेला राहतो, म्हणजे दिवसरात्र दाब ताब्यात ठेवायला सहा ते आठ वेळा घ्यावे लागेल, आणि तेच काम डोळ्यात घालायचे साधे थेंब नशेवाचून करतात. कर्करोगाबाबत सांगण्यासारखे थोडेच आहे: काचेच्या बशीतील पेशी आणि उंदीर यांवरील निष्कर्ष माणसांवरील उपचार म्हणून छापू नयेत.

कोणत्या वाटेने घेतले, याचाही लेखात उल्लेख नव्हता. धुराबरोबर गेलेले टीएचसी काही मिनिटांत रक्तात शिखर गाठते. पोटातून गेलेल्याचा परिणाम जाणवायला अर्धा ते दोन तास लागतात, यकृतात त्याचे ११-हायड्रॉक्सी-टीएचसी होते आणि तेही तितकेच नशाकारक असते. काहीच होत नाही असे वाटून माणूस पुन्हा घेतो, आणि मग दोन्ही मात्रा एकत्र चढतात. घाबरून, छातीत धडधड घेऊन तातडीच्या विभागात येणाऱ्यांत असे रुग्ण बरेच असतात. वर्षानुवर्षे रोज सेवन करणाऱ्यांपैकी काहींना उलट्यांचे न थांबणारे सत्र सुरू होते आणि त्यांना गरम पाण्याच्या अंघोळीनेच तात्पुरता आराम वाटतो. मळमळ थांबवणाऱ्या द्रव्याचा हा उलटा परिणाम २००४ मध्ये प्रथम व्यवस्थित वर्णिला गेला. पौगंडावस्थेत सुरुवात, रोजचे सेवन आणि टीएचसीचे चढे प्रमाण या तिन्ही गोष्टींचा मनोविकृतीच्या धोक्याशी संबंध वारंवार दिसला आहे. संबंध म्हणजे कारण, असे मी म्हणत नाही. पण घरात स्किझोफ्रेनियाचा इतिहास असलेल्याला हे औषध देताना कोणताही जबाबदार डॉक्टर दहादा विचार करील.

संशोधन रेंगाळले त्याला कायदाही जबाबदार आहे, हे विरोधी पत्रलेखकांनी लक्षात घ्यावे. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात गांजाला सर्वांत कडक अशा चौथ्या अनुसूचीत हेरॉइनच्या शेजारी बसवले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनंतर डिसेंबर २०२० मध्ये तो तिथून काढण्यात आला, तोही २७ विरुद्ध २५ अशा निसटत्या मताधिक्याने. नियंत्रणाची पहिली अनुसूची मात्र आजही लागू आहे.

एक विनंती तातडीची आहे. सीबीडीचे तेल सुरू केल्यावर फिटच्या गोळ्यांची गरज उरत नाही, असे लेखाच्या शेवटच्या परिच्छेदात म्हटले आहे. वर सांगितलेल्या चाचणीत मुलांची आधीची औषधे चालूच होती आणि सीबीडी त्यांच्या जोडीला दिले होते. अपस्मारावरील औषध अचानक तोडले तर फिट एकामागून एक येत राहून जीव जाऊ शकतो. तेव्हा या वाक्याची दुरुस्ती पुरवणीच्या त्याच पानावर, लेखाइतक्याच ठळक जागेत आणि येत्या रविवारीच छापावी.

आपला,
औषधशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक