दुर्मिळ आहे, पण घेणारा कोण?

मा. संपादक,

गेल्या महिन्यात माझ्या भाच्याने म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एक बझारुक चार हजारांना घेतलं आणि आनंदाने फोन केला, मामा, ह्याच्यावर तीन आर आहेत, म्हणजे फार दुर्मिळ! पोर्तुगीज काळातलं करड्या धातूचं नाणं, एका बाजूला सेंट कॅथरीनचं चाक निम्मं झिजून गेलेलं, कडा वेड्यावाकड्या, प्लॅस्टिकच्या पाकिटावर स्केचपेनने 'आरआरआर'. नंतर फीसाठी पैसे हवे म्हणून विकायला गेला तर तिघांना दाखवूनही नऊशेच्या वर कोणी जाईना. पोरगं रडकुंडीला आलं. विकणाऱ्याने खोटं सांगितलं असं मी म्हणणार नाही, नाणं कमी सापडणारं असेलही, पण तसलं बझारुक शोधत फिरणारी माणसं त्याहून कमी आहेत त्याचं काय?

आर म्हणजे किती नग शिल्लक असतील त्याचा अंदाज, बस्स. अमेरिकेत शेल्डन नावाच्या संग्राहकाने तिथल्या जुन्या तांब्याच्या सेंट नाण्यांसाठी आर वन ते आर एट अशी पट्टी केली, त्यात आर सेव्हन म्हणजे 4 ते 12 नग आणि आर एट म्हणजे फार तर दोन-तीन. आपल्याकडच्या लिलावांत आर, डबल आर, ट्रिपल आर लिहितात, पण तिथे प्रत्येकाचा हिशोब वेगळा. कशातच मागणी मोजलेली नसते.

उलट उदाहरण बघा. 1911 चा पंचम जॉर्जचा रुपया, ज्यात राजाच्या अंगावरच्या हारातला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला आणि केवढा गहजब झाला, सरकारने बहुतेक नाणी वितळवली आणि 1912 ला हत्ती नीट करून घेतला. तरी बाहेर पडलेली नाणी लाखांत होती, म्हणजे बझारुकाच्या मानाने मुबलकच, पण ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक, प्रत्येकाला आपल्या अल्बममध्ये तो 'डुक्कर रुपया' हवाच, म्हणून भाव टिकून आहे.

आणि अंदाज चुकतोही बरं का. न्यू ऑर्लिन्स टांकसाळीचा 1903 चा चांदीचा डॉलर अत्यंत दुर्मिळ म्हणून गाजलेला, 1962 मध्ये अमेरिकी सरकारी तिजोरीतून त्याच्या पिशव्याच्या पिशव्या बाहेर आल्या आणि भाव धाडकन खाली. ज्यांनी महाग घेतलेला ते बसले हात चोळत.

आपल्या घरांतली गोष्ट तर आणखी वेगळी आहे. आमच्या आजीच्या देव्हाऱ्यात 1881 ची पोर्तुगालच्या लुईस राजाची रुपिया होती, 11.66 ग्रॅमची, चांदीची, दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाला काढायची आणि चिंचेने घासून लख्ख करायची, वर तिला कधीतरी माळेत ओवायला कडी डाग देऊन लावलेली. आजीच्या हाताचा तो चकचकीतपणा मला प्राणाहून प्यारा आहे पण संग्राहक तिला बघतसुद्धा नाही, राजाचे केस गुळगुळीत झालेत आणि कडीचा डाग गेलेला नाही. तीच रुपिया कोरी करकरीत असली की दुर्मिळता तीच धरा, भाव कुठल्या कुठे.

हे लिहायचं कारण, व्हॉट्सअॅपवर हल्ली रोज मेसेज येतात, वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं दुर्मिळ आहे, लाखो मिळतील, आधी थोडी फी भरा. ते 2012 चं नाणं आजही गल्ल्यात सापडतं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्येच सांगितलंय की आम्ही अशा खरेदी-विक्रीत नाही, आमच्या नावाने फी मागणाऱ्यांना पैसे देऊ नका. हा इशारा आपल्या पेपरात चौकट करून पुन्हा छापाल का? आमच्या वाड्यावर दोन म्हाताऱ्यांनी पैसे भरलेत.

भाच्याला मी सांगितलंय, बझारुक आता नऊशेला देऊ नको, फीचं मी बघतो.

एक वाचक, डिचोली