रेडिओ बिघडला नव्हता

पुणे,
५ जानेवारी २०२६

ती. आई-बाबांना,
शि. सा. न.

बाबा, फोनवर तुम्ही "बरं बरं" म्हणून लगेच आईकडे देता, म्हणून हे लिहूनच कळवते आहे.

२०१९ च्या जानेवारीत, आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास तुमच्या रेडिओवर रात्रीचा ओळखीचा आवाज लागेनासा झाला. तुम्ही सेल बदलले, मग संच दुरुस्तीला नेला. "यात काही बिघाड नाही," म्हणून दुकानदाराने तो परत दिला. मी तेव्हा "नवा घ्या" एवढंच म्हणाले. बाबा, रेडिओ खरंच चांगला होता. आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनीच त्या जानेवारीत बंद झाली होती. खर्च कमी करायचा म्हणून प्रसार भारतीने डिसेंबर २०१८ मध्ये तसं ठरवलं होतं. मला हे आत्ता कळलं, आणि तेव्हापासून तो संच पिशवीत घालून दुकानाची पायरी चढणारे तुम्ही डोळ्यांसमोरून हलत नाही.

१८ मे १९८८ ला सुरू झालेली ती सेवा. संध्याकाळी लागायची, पहाटेपर्यंत चालायची. नागपूरचं १००० किलोवॅटचं प्रक्षेपण १५६६ किलोहर्ट्झवर, म्हणून आपला काटा कायम उजव्या टोकाला. दिवसा तिथे नुसती खरखर. रात्री गाव निजतं म्हणून स्वच्छ ऐकू येतं, असं मला वाटायचं. खरं म्हणजे मध्यम लहरी दिवसा वातावरणाच्या वरच्या भागातला एक थर शोषून घेतो. रात्री तो विरतो आणि लहरी आणखी वरून परतून लांब उतरतात. नागपूरहून निघून आपल्या पत्र्याच्या खोलीपर्यंत!

बाबा, तुम्ही रातपाळीला मागावर असायचा. आई, तू मांडीवर सूप घेऊन विड्या वळायचीस आणि मी शेजारी दहावीचा अभ्यास करायची. तासातासाला बातम्या. अकराच्या झाल्या की तू म्हणायचीस, "नीज आता." तुझे मात्र हजार पुरे व्हायचे असायचे. एकदा इंग्रजी बातम्या लागल्या म्हणून मी बंद करायला उठले, तर तू हात धरलास. "असू दे गं. माणसाचा आवाज आहे." त्या वेळी मला त्याचा अर्थ लागला नाही. आता इथे रात्री एकटी काम करत बसते, तेव्हा लागतो. बाबा घरी नसताना त्या आवाजाच्या आधाराने तू रात्र काढायचीस, आणि मीही.

वाहिनीकडची १९८८ पासूनची ध्वनिमुद्रणं दिल्लीच्या केंद्रीय संग्रहात पाठवायचं ठरलं होतं, हे वाचून फार बरं वाटलं.

मी १२ तारखेला गड्ड्याला येते आहे. आई, शेंगाचटणीचं कुटायला बसू नकोस, मी आल्यावर करते. रेडिओ कपाटावरच आहे ना? पुसायला घ्याल तर काटा हलवू नका. शेवटी जिथे होता तिथेच मला बघायचा आहे.

तुमची,
ताई